जहाज रुतणे म्हणजे काय? ठाणे खाडीकाठच्या वाचकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहोटीच्या वेळी वाशीचा किंवा ऐरोलीचा पूल ओलांडताना खाडीत चिखलावर निवांत बसलेल्या होड्या दिसतात. दुसरीकडे कुठल्या तरी बंदराजवळ मोठे जहाज रुतल्याची बातमी येते आणि ते सोडवायला कधी काही दिवस, तर कधी कित्येक आठवडे लागतात. या दोन्ही गोष्टी एकच आहेत का, असा प्रश्न ठाणे, वाशी, बेलापूर, उरण या पट्ट्यात राहणाऱ्या अनेकांना पडतो. खालील उत्तरे त्यांच्यासाठी आहेत. त्यांत पाण्याच्या खोलीपेक्षा भरतीच्या वेळेविषयी अधिक लिहिले आहे, कारण या विषयाचे मर्म तिथेच आहे.

जहाज ‘रुतले’ असे नेमके केव्हा म्हणतात?

तरंगणाऱ्या जहाजाचा सगळा भार पाणी उचलून धरते. पाणी अपुरे पडून त्या भाराचा काही भाग तळावर टेकला आणि जहाजाला स्वतःच्या बळावर हलता येईनासे झाले, की ते रुतले असे म्हणतात. इंग्रजी नौकानयनात या स्थितीला ‘अग्राउंड’ हा शब्द आहे. संपूर्ण तळ टेकलाच पाहिजे असे नाही. पुढचे टोक वाळूत आणि मागचा सगळा भाग खोल पाण्यात, अशा अवस्थेतले जहाजही रुतलेलेच असते.

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत या स्थितीला स्वतंत्र स्थान आहे. जे जहाज नांगरलेले नाही, किनाऱ्याला बांधलेले नाही आणि रुतलेलेही नाही, तेवढेच या नियमांनुसार ‘मार्गस्थ’ मानले जाते. त्यामुळे इंजिन बंद पडून लाटांवर भरकटणारे जहाज कायद्याने मार्गस्थ ठरते, तर इंजिन पूर्ण वेगाने फिरत असूनही गाळात अडकलेले जहाज मार्गस्थ ठरत नाही. पहिल्यांदा वाचताना हे उफराटे वाटते, पण शेजारून जाणाऱ्या जहाजाने काय अपेक्षा ठेवायची, हे ठरवण्यासाठी हाच भेद उपयोगाचा आहे.

तळ घासून पुढे गेलेले जहाज रुतले असे मानतात का?

मानत नाहीत. या प्रश्नावर विमा कंपन्या आणि जहाजमालक यांच्यात दोनशे वर्षांहून अधिक काळ वाद होत आले आहेत, कारण जुन्या विमापत्रांत काही प्रकारच्या नुकसानीची भरपाई जहाज रुतले असेल तरच मिळत असे. १८१६ सालच्या एका इंग्रजी खटल्यात जहाज जेमतेम दीड मिनिट खडकावर थांबून सुटले होते. नुसता स्पर्श होऊन जहाज पुढे गेले असेल तर ते रुतणे नव्हे, त्यासाठी जहाज काही काळ तिथे पडून राहिले पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

मग रोज ओहोटीला चिखलावर बसणाऱ्या होड्यांचे काय?

शब्दशः पाहिले तर त्यांचा तळ जमिनीला टेकलेला असतो. मात्र तो अपघात नसतो. दिवाळे, विटावा किंवा चेंदणी कोळीवाड्यातला नाखवा होडी कुठे उभी करायची हे ठरवतो, तेव्हा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ती तिथे बसणार आहे हे त्याला ठाऊक असते आणि भरती आली की ती आपोआप उठणार आहे हेही ठाऊक असते. नेहमीच्या भरती-ओहोटीच्या क्रमात, ठरलेल्या जागी जहाज तळावर बसले तर त्याला रुतणे म्हणायचे नाही, हीच भूमिका इंग्रजी न्यायालयांनीही घेतली.

मालवाहू जहाजांच्या भाडेकरारातही अशी तरतूद असते. ओहोटीला पाणी अपुरे पडणाऱ्या बंदरात जहाज न्यायचे असेल, तर ‘नेहमी तरंगते राहणार नाही, पण सुरक्षितपणे तळावर बसेल’ अशा अर्थाचे कलम घातले जाते. मऊ आणि सपाट गाळ ही त्यासाठीची पहिली अट असते. सपाट तळाचा बार्ज अशा गाळावर सरळ उभा राहतो, तर निमुळत्या तळाची होडी एका कुशीवर कलते. खाडीत कललेली होडी पाहून हळहळण्याचे कारण नसते. पुढच्या भरतीला ती सरळ होते.

आजकाल खोलीचे अचूक नकाशे असतात. तरीही जहाजे का रुततात?

पहिले कारण असे की नकाशावरची खोली ही त्या क्षणाची खोली नसते. भारतात सागरी नकाशे देहरादूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय प्रसिद्ध करते. नकाशांवरचे आकडे अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेले असतात. प्रत्यक्ष खोली काढायची तर त्यात त्या वेळच्या भरतीची उंची मिळवावी लागते. ही बेरीज चुकली किंवा करायची राहिली, की घोटाळा होतो. शिवाय खाडीचा तळ स्थिर नसतो. सर्वेक्षणानंतरचा एखादा पावसाळा वाहून आलेल्या गाळाने आकडे बदलून टाकू शकतो.

दुसरे कारण वेगाचे आहे आणि ते फारसे कुणाला माहीत नसते. उथळ पाण्यात वेगाने जाणाऱ्या जहाजाखालून पाणी जोरात मागे सरकते, त्यामुळे तिथला दाब घटतो आणि जहाज खाली बसते. हा परिणाम साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग निम्मा केला तर बसणे एक चतुर्थांश होते. ७ ऑगस्ट १९९२ रोजी ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रख्यात प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ तळावर घासले, तेव्हा दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. तिथला तळ नकाशात दाखवल्यापेक्षा उंच होता आणि वेगामुळे जहाज अंदाजापेक्षा जास्त खाली बसले होते.

तिसरे कारण माणसाचे. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ हे जहाज मॉरिशसच्या प्रवाळ खडकांवर चढले. जहाज चालवणाऱ्या जपानी कंपनीने पुढे सांगितले की मोबाइलचे नेटवर्क मिळावे म्हणून जहाज ठरलेला मार्ग सोडून किनाऱ्याजवळ नेले होते आणि त्या भागाचा पुरेशा मोठ्या प्रमाणाचा नकाशाही जहाजावर नव्हता. त्यानंतर सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. नकाशे किती अचूक आहेत याची चर्चा पुष्कळ होते, पण ते जहाजावर आहेत का आणि कुणी उघडून पाहिले का, हे प्रश्न त्याआधीचे आहेत.

इंजिन बंद पडणे, नांगर घसरणे, ओढून नेणारा दोर तुटणे आणि वादळ ही उरलेली नेहमीची कारणे आहेत.

जहाज भरतीच्या कोणत्या वेळी रुतले याला इतके महत्त्व का?

कारण एकाच जागी, तेवढ्याच खोलीवर रुतलेल्या दोन जहाजांचे भवितव्य या एका गोष्टीने पूर्णपणे वेगळे होते. पाणी चढत असताना तळ टेकला, तर बहुधा थोडा वेळ थांबणे एवढेच करायचे असते. पाणी उतरत असताना तळ टेकला, तर प्रत्येक मिनिट विरोधात जाते.

मुंबई बंदराच्या पातळ्यांवरून हे नीट समजते. इथे उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत पूर्ण भरतीची सरासरी पातळी ४.४२ मीटर आणि पूर्ण ओहोटीची ०.७६ मीटर धरतात, म्हणजे सहा तासांत सुमारे ३.६६ मीटर पाणी चढते किंवा उतरते. हे उतरणे सारख्या गतीने होत नाही. दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा असा की एकूण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरते. म्हणजे उधाणाच्या ओहोटीत तिसऱ्या तासाला पाणी सुमारे ९० सेंटीमीटर, मिनिटाला दीड सेंटीमीटर या वेगाने खाली जाते. काय करावे यावर दहा मिनिटे चर्चा केली, तर तेवढ्यात पाणी पंधरा सेंटीमीटरने उतरलेले असते.

कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची जुनी रीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हा हिशोब लागू पडतो आणि मधल्या ओहोटीसाठी सहा तास पुढे मोजायचे. तो ढोबळ आहे, एखादा तास इकडेतिकडे होतो. पण उधाणाच्या दिवसांत सकाळच्या लोकलमधून वाशीच्या पुलावर चिखलाचे विस्तीर्ण पट्टे का दिसतात आणि दुपारी तेच पट्टे पाण्याखाली का जातात, याचा उलगडा त्याने होतो.

रुतलेल्या जहाजाला कधी कधी पंधरा दिवस वाट का पाहावी लागते? दर बारा तासांनी भरती येतेच ना?

येते, पण प्रत्येक भरती सारख्या उंचीची नसते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांग. मुंबईत भांगाच्या भरतीची सरासरी पातळी ३.३० मीटर आहे, म्हणजे उधाणाच्या भरतीपेक्षा सुमारे १.१ मीटरने कमी. आता असे समजा की एखादे जहाज उधाणाच्या ऐन भरतीत चिखलावर चढले आणि त्या भरतीत सुटले नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा थोडी खालीच राहते. आठवड्याभरात भांग येतो, तेव्हा भर भरतीतही जहाजाला मीटरभर पाणी कमी पडते. पुन्हा त्याच उंचीचे पाणी मिळायला पुढचे उधाण, म्हणजे साधारण पंधरवडा उजाडावा लागतो. इंग्रजी खलाशांच्या भाषेत अशा जहाजासाठी ‘नीप्ड’ हा वेगळा शब्दच आहे. मराठीत त्याला ‘भांगात अडकलेले जहाज’ म्हणता येईल.

‘पवित’ या तेलवाहू जहाजाची तारीखवारी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेले हे जहाज भरकटत आले आणि ३१ जुलै २०११ रोजी जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर चढले. आदल्याच दिवशी आषाढी अमावास्या होती, म्हणजे ते उधाणाच्या पाण्यावर वर चढले. त्याला ओढून बाहेर काढता आले ते ऑगस्टच्या मध्यात, नारळी पौर्णिमेनंतर लगेचच. मधल्या पंधरवड्यात प्रयत्न कमी पडले, अशी टीका त्या वेळी झाली. प्रत्यक्षात त्या दिवसांत पुरेसे पाणीच नव्हते, हे टीका करणाऱ्यांनी पंचांग उघडले असते तरी कळले असते.

याच्या उलट उदाहरण सुएझ कालव्यातल्या ‘एव्हर गिव्हन’चे. चारशे मीटर लांबीचे हे कंटेनरवाहू जहाज २३ मार्च २०२१ रोजी आडवे होऊन दोन्ही काठांत रुतले. त्या दिवशी फाल्गुन शुद्ध नवमीच्या आसपासचे, म्हणजे भांगाचे पाणी होते आणि पुढचे सगळे दिवस पाणी वाढत जाणार होते. कालव्याच्या दक्षिण भागात तांबड्या समुद्राची भरती पोहोचते. सुमारे तीस हजार घनमीटर वाळू उपसून आणि अनेक टग, म्हणजे जहाजे ओढणाऱ्या ताकदवान बोटी, लावूनही जहाज पूर्णपणे मोकळे झाले ते २९ मार्चला. आदल्या दिवशी होळीची पौर्णिमा होती. जहाजावरचे सर्व २५ कर्मचारी भारतीय होते आणि त्यांचे जहाज सुटले ते धुळवडीच्या दिवशी. पाणी वाढते असताना ते रुतले हे त्यांचे आणि जगाच्या व्यापाराचे नशीब.

पाणी उतरल्यावर जहाजावर काय परिणाम होतो? ते नुसते बसून तर राहते ना?

लहान होडी बसून राहते. मोठ्या जहाजाच्या बाबतीत आकडे फार झपाट्याने वाढतात. शंभर मीटर लांबीच्या एका मालवाहू जहाजाने पाण्याच्या पृष्ठभागावर १,२०० चौरस मीटर जागा व्यापली आहे असे धरू. पाणी एक सेंटीमीटर उतरले की सुमारे १२.३ टन भार पाण्याकडून तळाकडे जातो. एक मीटर उतरले की १,२३० टन. मऊ गाळातून ओढायचे तर ढोबळ मानाने या भाराच्या एक चतुर्थांश जोर लावावा लागतो, म्हणजे तीनशे टनांहून अधिक. बंदरातला चांगला टग पन्नास-साठ टनांचा ओढ देतो. पाच-सहा टग एकाच वेळी एकाच दिशेने लावले तरच हे गणित जेमतेम जुळते. बातम्यांत टगचे फोटो येतात म्हणून जहाजे टग सोडवतात असे वाटते. खरे तर ते काम पाणी करते आणि टग त्याला हातभार लावतात.

याहून गंभीर धोका तोल जाण्याचा असतो. तळातून वर येणारा रेटा जितका वाढतो, तितकी जहाजाची स्थिरता कमी होत जाते. पाणी पूर्ण उतरेपर्यंत सरळ वाटणारे जहाज अचानक कलंडू शकते. म्हणून तळ टेकल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत पुढच्या ओहोटीला जहाज किती कलेल याचा हिशोब मांडणे हे कप्तानाचे महत्त्वाचे काम असते.

गाळ, वाळू आणि खडक यांत सर्वांत वाईट काय?

खडक. तळ फाटतो, पाणी किंवा तेल वाहू लागते आणि पुढच्या लाटेने ते भोक मोठे होते. वाळूत जहाज सहसा लगेच फुटत नाही, पण प्रवाह त्याच्या दोन टोकांखालची वाळू खरवडून नेतात आणि मध्यभागी साठवतात. तसे झाले की जहाजाचा मध्य आधारावर आणि दोन्ही टोके अधांतरी राहतात. असे जहाज कालांतराने मधूनच तुटते.

गाळ सर्वांत सौम्य, पण चिवट. भाताच्या खाचरात पाय रुतल्यावर वाहाण आत राहते आणि नुसता पाय वर येतो, तसाच गाळ जहाजाच्या तळाला धरून ठेवतो. ठाणे खाडीत बहुतेक ठिकाणी हाच तळ आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी मात्र खडक आहेत. कुलाब्याच्या दक्षिणेच्या प्रॉंग्स खडकांवर १८७५ सालापासून दीपगृह आहे, ते त्यासाठीच.

रुतलेले जहाज सोडवतात कसे?

पहिली गोष्ट म्हणजे घाईने इंजिन उलटे फिरवत नाहीत. तसे केले तर पंख्याने ढवळलेला गाळ इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेने आत शिरतो आणि तळाला भोक पडले असेल तर ते वाढते. आधी सर्व टाक्यांतील पाण्याची पातळी तपासतात, जहाजाभोवती खोली मोजून कोणत्या बाजूला खोल पाणी आहे ते पाहतात, तळ टेकल्याची वेळ आणि त्या वेळची भरतीची पातळी नोंदवतात आणि बंदराला कळवतात. पाणी चढणार असेल तर पुढच्या भरतीत जहाज आणखी उथळ भागात ढकलले जाऊ नये म्हणून नांगर टाकतात.

त्यानंतर भार कमी करणे येते. स्थैर्यासाठी भरलेले पाणी सोडणे, इंधन किंवा माल दुसऱ्या जहाजात उतरवणे, एका टोकाकडचा भार दुसऱ्या टोकाकडे हलवणे, हे त्याचे प्रकार. वरच्याच उदाहरणात १२३ टन माल उतरवला तर जहाज दहा सेंटीमीटर वर येते आणि कधी तेवढे दहा सेंटीमीटरच निर्णायक ठरतात. जुन्या काळी होडक्यातून नांगर दूर खोल पाण्यात नेऊन टाकत आणि जहाजावरून त्याचा दोर गुंडाळत जहाज खेचून घेत. ही युक्ती आजही लहान बोटींना उपयोगी पडते. तळाभोवतीचा गाळ उपसणे आणि टग लावणे हे त्यापुढचे उपाय. हे सगळे एका विशिष्ट दिवसाच्या विशिष्ट भरतीवर नेम धरून केले जाते आणि ती भरती हुकली तर पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते.

लांबून पाहताना जहाज नांगरले आहे की रुतले आहे, हे कसे ओळखावे?

दिवसा रुतलेल्या जहाजाने एकाखाली एक असे तीन काळे गोळे टांगायचे असतात. रात्री नांगरलेल्या जहाजाचे पांढरे दिवे तर असतातच, शिवाय एकावर एक असे दोन लाल दिवे लावायचे असतात. धुक्यात घंटा वाजवायची पद्धत ठरलेली आहे. मिनिटाच्या आत पुन्हा पुन्हा सुमारे पाच सेकंद जलद घंटानाद आणि त्या प्रत्येक घंटानादाच्या आधी व नंतर तीन स्वतंत्र ठोके. बारा मीटरपेक्षा लहान बोटींना रुतल्यावर हे दिवे आणि गोळे लावण्याची सक्ती नाही, त्यामुळे खाडीतल्या मासेमारी होड्यांवर ते दिसणार नाहीत.

आपल्या भागात अशा मोठ्या घटना झाल्या आहेत का?

नवी मुंबईला सर्वांत जवळून झळ लागली ती ७ ऑगस्ट २०१० च्या घटनेची. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका बाजूला कलून प्रॉंग्स दीपगृहाजवळ उथळ पाण्यात रुतले, त्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि तेल पसरले. मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली, कारण जलमार्गात बुडालेला कंटेनर पुढच्या जहाजासाठी खडकासारखाच असतो. उरण-अलिबागच्या मच्छीमारांचे नुकसान झाले ते निराळेच.

त्यानंतरच्या वर्षी, जून २०११ मध्ये, अलंगला भंगारासाठी ओढून नेले जाणारे ‘विस्डम’ दोर तुटल्याने भरकटले आणि जुहूच्या वाळूत रुतले. तेही जुलैच्या सुरुवातीला, ज्येष्ठ अमावास्येच्या उधाणातच निघाले. कोकणात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळले आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच गंजत राहिले.

जहाजे मुद्दाम किनाऱ्यावर चढवतात, ते कशासाठी?

बुडण्यापेक्षा रुतलेले बरे, हा विचार पहिला. तळ फुटलेले जहाज खोल पाण्यात जाण्याआधी कप्तान ते उथळ जागी नेऊन बसवू शकतो. दुसरे कारण भंगाराचे. गुजरातमधील अलंग येथे १९८३ पासून उधाणाच्या भरतीत जहाजे पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असल्याने ओहोटीत ती संपूर्ण कोरडी होतात. ‘आयएनएस विराट’ही सप्टेंबर २०२० मध्ये तिथेच चढवली गेली. मुंबईत दारूखाना या किनारी भागातही हीच रीत आहे, मात्र भरती कमी असल्याने तिथे येणारी जहाजे तुलनेने लहान असतात.

रुतलेल्या जहाजाचा खर्च कोण भरतो?

उत्तर अनेकांना चकित करते. जहाज आणि माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला असाधारण खर्च जहाजमालक आणि त्या जहाजावर माल असलेले सर्वजण आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. हे तत्त्व फार प्राचीन आहे आणि ‘एव्हर गिव्हन’च्या मालकांनी ते लागू केले, तेव्हा त्या जहाजावर एखाद-दुसरा कंटेनर असलेल्या लहान व्यापाऱ्यांनाही हमी दिल्याशिवाय माल मिळेना. सुएझ कालवा प्राधिकरणाशी भरपाईचा वाद मिटेपर्यंत, म्हणजे ७ जुलै २०२१ पर्यंत, ते जहाज तिथून हलू शकले नाही.

जहाज सोडवणाऱ्या कंपन्यांशी बहुधा ‘यश नाही तर मोबदला नाही’ या अटीवर करार होतो. सोडवता न आलेले जहाज हटवण्याची जबाबदारी मालकाची असते. अडचण येते ती मालक कागदोपत्री परदेशात असतो आणि सापडत नाही तेव्हा. किनाऱ्यावर वर्षानुवर्षे गंजत पडणाऱ्या जहाजांमागे बहुधा हीच गोष्ट असते.

खाडीत प्रवास करताना आपली बोट रुतली तर प्रवाशांनी काय करावे?

बेलापूर जेट्टीवरून फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉटर टॅक्सीचे उद्घाटन झाल्यापासून हा प्रश्न अनेकजण विचारतात. लाइफ जॅकेट घालावे, जागेवर बसून राहावे आणि तांडेल सांगेल त्याप्रमाणेच हलावे. सगळे प्रवासी काय झाले ते बघायला एका बाजूला धावले तर बोट त्याच बाजूला कलते. काहीही झाले तरी चिखलात उतरू नये. वरून घट्ट दिसणारा खाडीचा गाळ कमरेपर्यंत ओढून घेतो आणि भरती सुरू झाली की त्यातून निघणे अवघड असते. अंधार पडत असेल, कुणी आजारी असेल किंवा बोटीत पाणी शिरत असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकावर कळवावे. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर आणीबाणीसाठी सोळावे चॅनेल आहे.

बोट रुतल्याचा राग चालकावर काढण्याआधी तिकिटाची वेळ कुणी ठरवली तेही पाहावे. उथळ खाडीत दररोज एकाच वेळेला सुटणारी बोट महिन्यातले काही दिवस ओहोटीच्या तोंडावर सुटणार, हे उघड आहे. तिथे भरतीप्रमाणे बदलणारे वेळापत्रकच योग्य.

गाळ उपसून खाडी सगळीकडे खोल का करत नाहीत?

जलमार्गापुरता उपसा होतो आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागतो, कारण गाळ परत येतो. सगळी खाडी खोल करणे मात्र इष्टही नाही. ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे जहाजांना अडथळा असले, तरी फ्लेमिंगोंना अन्न तिथेच मिळते. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो याच उथळ भागामुळे आणि कांदळवनामुळे.

भरतीच्या नेमक्या वेळा कुठे पाहाव्यात?

भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. मुंबईचे आकडे अपोलो बंदराचे असतात, जिथे १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते. वाशी, ऐरोली किंवा ठाण्याकडे जावे तशी पूर्ण भरती त्या वेळेपेक्षा थोड्या उशिराने येते, म्हणून खाडीच्या आतल्या टोकासाठी मुंबईची वेळ जशीच्या तशी धरू नये. कोष्टकातली उंची सागरी नकाशावरच्या खोलीत मिळवली की त्या वेळचे पाणी कळते. त्यातून बोटीचा पाण्याखालचा भाग वजा केला की तळाखाली किती पाणी उरते ते समजते. हे उत्तर अर्ध्या मीटरपेक्षा कमी आले आणि पाणी उतरते असेल, तर पुढची भरती येईपर्यंत बोट जेट्टीलाच ठेवावी.